काट्यावरच्या बाईचं ॲडमिशन

"या वयात?" हा प्रश्न मला आजवर इतक्या जणांनी विचारलाय, की आता कोणी तोंड उघडलं की मीच त्यांचं वाक्य पूर्ण करते. हो, या वयात. चव्वेचाळिसाव्या वर्षी मी कॉम्प्युटरच्या डिग्रीला ॲडमिशन घ्यायला निघाले, आणि त्यावरून जे काही रामायण झालं ते लिहून द्या असं अभ्यासकेंद्राच्या मॅडम म्हणाल्या, म्हणून लिहितेय. उपदेश करणार नाही. उपदेश करणाऱ्यांचा मला भयंकर राग आहे.

मी वैजयंती म्हात्रे. राहायला खांदा कॉलनीत, नोकरीला कळंबोलीच्या लोखंड बाजारात, वजनकाट्यावर. काटा म्हणजे काय ते बाजाराबाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. रस्त्याच्या पातळीला अख्खा ट्रक मावेल एवढी लोखंडी प्लेट असते, तिच्याखाली खड्डा, खड्ड्यात वजन घेणारी यंत्रं. बाजूला काचेची केबिन, केबिनमध्ये मी. ट्रक आधी रिकामा येतो, त्याचं खाली वजन घ्यायचं. मग तो गोदामातून सळ्या, पत्रे, काय असेल ते भरून परत येतो, तेव्हा भरलेलं वजन. भरलेल्यातून खाली वजा केलं की माल किती ते कळलं. दोन वजनांच्या मधल्या वेळात ड्रायव्हरचे कागद माझ्या खिडकीत जमा राहतात, लायसन, आरसी बुक, सगळं ओरिजिनल. दुसरं वजन झालं, पावती फाडली, की कागद परत. ही बाजाराची रीतच आहे, त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

ऐकायला सोपं वाटतं ना? वीस वर्षं बसून बघा मग. खाली वजनाच्या वेळी मुद्दाम गाडी जड करून आणणारे महाभाग असतात, म्हणजे पुढे जास्तीचा माल पचवता येतो. एकाने केबिनमध्ये सीटच्या मागे दोन माणसं आडवी झोपवून आणली होती. दुसऱ्याने पाण्याची दोन पिंपं काठोकाठ भरून आणली. मी म्हटलं, "भैया, पहले नहा लो, फिर वजन करेंगे." तो बिचारा खरंच काट्याशेजारी उभा राहून साबण लावून न्हाला, आणि मागच्या बारा गाड्या हॉर्न वाजवत उभ्या. मी मात्र पिंपं रिकामी झाल्याशिवाय बटण दाबलं नाही.

एवढ्या वर्षांत मला एक गोष्ट पक्की कळली. कुठलाच रिकामा ट्रक दोनदा सारख्या वजनाचा भरत नाही. टाकीत डिझेल कमीजास्त असतं, चाकांना चिखल असतो, ताडपत्री ओली असते, मालाखाली घालायच्या लाकडी फळ्या असतात. म्हणून दर खेपेला खाली वजन नव्याने घ्यायचं. मला हे कोणी शिकवलं नाही, बघून बघून कळलं. आणि हेच मला चार माणसांत सांगता आलं नाही, तिथून सगळं सुरू झालं.

शेठने नवीन सिस्टिम बसवली. शेठ म्हणजे काट्याचे मालक. माणूस वाईट नाही, पण नवीन वस्तू दिसली की लहान मुलासारखा हरखतो. सिस्टिम बसवायला अभिषेक नावाचा इंजिनिअर आला. हुशार, गोड बोलणारा, कानात कायम काहीतरी अडकवलेलं. या सिस्टिममध्ये गाडीचं खाली वजन एकदाच घ्यायचं आणि ते कायमचं साठवून ठेवायचं. पुढच्या खेपेला गाडी नंबर टाकला की साठवलेला आकडा आपोआप येणार. रांग अर्ध्यावर आली. शेठ खूश, ड्रायव्हर खूश. मी एकटीच कुरकुरत होते, तर सगळे म्हणाले, ताईंना नवीन जमत नाहीये.

मग सलीमचं प्रकरण झालं. सलीम तळोज्याचा ड्रायव्हर, आमच्याकडे कित्येक वर्षं येणारा. ईदला शीरखुर्म्याचा डबा खिडकीतून आत सरकवायचा आणि डबा रिकामाच परत दिला की रुसायचा. त्याचा माल पुण्याकडच्या कारखान्यात पोचला की तिथल्या काट्यावर शंभर-सव्वाशे किलो कमी भरायला लागला. एकदा नाही, लागोपाठ चार खेपा. पार्टीने सरळ ठरवलं, ड्रायव्हर वाटेत माल उतरवतो.

शेठच्या केबिनमध्ये मीटिंग झाली. मी सिस्टिममध्ये आधीच बघून ठेवलं होतं. चारही खेपांना सलीमच्या गाडीचं खाली वजन किलोला किलो तेच. साठवलं होतं सर्व्हिसिंगहून धुऊन आलेल्या गाडीचं, टाकी तळाला, ना ताडपत्री ना फळ्या. म्हणजे गाडी आता होती जड आणि सिस्टिम धरत होती हलकी, तो फरक मालात जमा होत होता. नसलेला माल आम्ही पावतीवर लिहून देत होतो! मला हे लख्ख दिसत होतं.

सलीम हात जोडून म्हणाला, "ताई, खुदा कसम, एक खिळा उचलला नाही. तुम्ही तरी सांगा यांना."

मी तोंड उघडलं. अभिषेक तेवढ्यात म्हणाला, "मॅडम, टेअर मास्टर टेबलमधून फेच होतं. मॅन्युअल एररला स्कोपच नाही त्यात." टेअर म्हणजे खाली वजन, एवढंच मला कळलं. मास्टर काय, टेबल कुठलं, फेच कोण करतं? मी एवढंच बोलले, "अहो पण गाडी तशी नसते हो." सगळे हसले. शेठही हसले. सलीमला त्याच दिवशी लाइनवरून काढलं.

आठ दिवसांनी त्याच गाडीवर नवीन ड्रायव्हर आला. मी कोणाला न विचारता गाडीचं खाली वजन परत घेतलं आणि पावती शेठच्या टेबलावर ठेवली. एकशे तीस किलोचा फरक होता. शेठ म्हणाले, "बरं झालं कळलं," आणि अभिषेककडून ते साठवायचं बंद करून घेतलं. विषय संपला. सलीमला परत कोणी बोलावलं नाही. मी फोन केला तर तो गुजरातच्या कुठल्याशा लाइनवर होता, म्हणाला, "जाने दो ताई, अल्लाह मालिक है." मला मात्र जाऊ देता आलं नाही, आजही येत नाही. मला माहीत होतं आणि मी बोलू शकले नाही. याची मला लाज वाटते.

त्याच महिन्यात शेठना मोठ्या कंपनीचं काम मिळालं. कंपनीची अट होती की काट्याचा सिस्टिम इन्चार्ज कॉम्प्युटरचा पदवीधर हवा. शेठ मला म्हणाले, "ताई, काट्यातलं तुम्हाला जेवढं कळतं तेवढं कोणाला कळत नाही. वर्षभरात डिग्री आणा, खुर्ची तुमची. तोपर्यंत मी पार्टीला थोपवतो." मी बारावी कॉमर्स, तीही लग्नाआधीची. घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. मला खुर्ची हवी होती, नाही कशाला म्हणू? पण त्याहून जास्त, मला ते टेबल काय असतं ते कळायला हवं होतं.

घरी नवरा, प्रकाश, म्हणाला, "अगं, पोरगी यंदा कॉलेज संपवतेय, आणि तू सुरू करतेस?" मी म्हटलं, "म्हणजे घरात पुस्तकं आहेतच." तो रसायनीच्या कंपनीत नोकरीला, स्वभावाने सरळ, पण त्याला लांबचा रस्ता सहन होत नाही. दुसऱ्या दिवशी तो एक गुळगुळीत पत्रक घेऊन आला. 'नोकरदारांसाठी खास, एका वर्षात आयटी पदवी.' शेठचं वर्ष आणि पत्रकातलं वर्ष जुळत होतं. सासूबाई आपटा गावच्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. त्यांनी पत्रकावरचा टाय लावलेला हसरा मुलगा निरखून पाहिला आणि म्हणाल्या, "यो आपल्या घरचा लगीन ठरवाया आलाय का? येवरा कशाला हसतोय?"

आधी मी रीतसर पनवेलच्या कॉलेजात गेले. खिडकीतल्या बाईने माझा अर्ज उलटापालटा केला. बीएस्सी आयटीला बारावीचं गणित लागतं, वर्ग सकाळी अकरा ते चार, रोज. "आणि ताई, तुम्हाला फॉर्म मुलीचा भरायचाय ना? नाव चुकून तुमचं पडलंय." मी म्हटलं, चुकून नाही पडलेलं. ती ओशाळली, चहा मागवला. चहा प्यायले आणि उठले, कारण गणित नव्हतंच माझ्याकडे.

मग एसटी स्टँडजवळ, दुकानांच्या वरच्या मजल्यावर, पत्रकवाल्यांकडे. टायवाला मुलगा खरंच होता, आणि खरंच तसाच हसत होता. एसी, सोफा, भिंतीवर डिग्रीचे झगे घातलेल्यांचे फोटो. म्हणाला, "मॅडम, तुमचा वीस वर्षांचा अनुभव आहे, दोन वर्षं आम्ही त्यातच धरतो. राहिलं एक. परीक्षेचं टेन्शन घेऊ नका, आम्ही बघून घेतो. फक्त मार्कशीट्स आजच जमा करा, व्हेरिफिकेशनला."

आणि इथे मी माती खाल्ली. दहावी-बारावीच्या मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, सगळं ओरिजिनल, मी पिशवीतून काढलं आणि काउंटरवर ठेवून आले. झेरॉक्ससुद्धा मागितली नाही, पोच तर नाहीच. वीस वर्षं मी रोज दीडदोनशे माणसांचे ओरिजिनल कागद खिडकीत घेतलेत आणि काम झालं की परत दिलेत. कागद जमा करायचे, दुसऱ्या वजनाला न्यायचे, हे हातात इतकं बसलंय की मला शंकाच आली नाही. आमच्या बाजारातला अडाणी ड्रायव्हरही माझ्या खिडकीत कागद विश्वासाने ठेवतो. मला वाटलं, जगात सगळीकडे खिडक्या सारख्याच असतात.

घरी लेकीने विचारलं, "आई, परीक्षा कुठे असते त्यांची?" मी विचारलं नव्हतं. "प्रॅक्टिकल कधी असतात?" तेही नाही. "मागच्या वर्षी कोण पास झालं, एकाचं तरी नाव?" मी पत्रक उलटसुलट शोधलं, एकही नाव नव्हतं. मी काट्यावर कुठल्या गाडीला एवढं ढिलं सोडलं नसतं. मी समोरच्या भरलेल्या ट्रककडे बघत बसले होते आणि खाली वजन विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हे तिन्ही प्रश्न घेऊन परत गेले. टायवाल्याचं हसू थोडं आखडलं. परीक्षा दुसऱ्या राज्यात, "पण तुम्हाला जायची गरज नाही." प्रॅक्टिकल "ऑनलाइन समजा." पास झालेल्यांची नावं "प्रायव्हसी असते ना." मी म्हटलं, "लॅब दाखव." त्याने दार उघडलं. कॉम्प्युटरांवर अजून प्लास्टिक होतं.

मग तो खुर्चीत मागे टेकून म्हणाला, "मॅडम, खरं सांगा. तुम्हाला डिग्री पाहिजे की शिकायचंय?"

"दोन्ही पाहिजे," मी म्हटलं. "तुझ्याकडे एकही नाही. माझे कागद दे."

तर म्हणे कागद हेड ऑफिसला गेले, ॲडमिशन घेतलं तर लवकर येतील. मी उठले, म्हणजे मला रडू आलं होतं आणि ते त्याला दाखवायचं नव्हतं.

खांदा कॉलनीतल्या एका शाळेत दर रविवारी मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र चालतं, हे मला त्याच संध्याकाळी भाजीवाल्या बाईकडून कळलं. तिचा जावई तिथून पास झालेला. माझ्या घरापासून चालत सात मिनिटं, आणि मी अख्खं पनवेल पालथं घातलं! तिथल्या प्रमुख देशमुख मॅडम. त्यांच्याकडे ना सोफा ना एसी, शाळेच्याच बाकावर बसल्या होत्या. त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत मला सगळं वाईटच सांगितलं. "बीसीए तीन वर्षांचं आहे. अनुभवाबद्दल एक दिवसही कमी होणार नाही. बारावीच्या गणिताची अट नाही, पण पहिल्याच वर्षी गणित आहे आणि त्यात निम्मे लोक अडकतात. चार वर्षंही लागतील. रविवारी नऊ ते दोन प्रॅक्टिकल, हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसू देत नाही. इंग्रजीतून वाचावं लागेल. नोकरी मिळेलच असं मी कोणाला सांगत नाही."

मी विचारलं, "डेटाबेस शिकवता? टेबल वगैरे?"

"दुसऱ्या वर्षाला. पूर्ण पेपर आहे."

मला वाटलं, ही बाई खाली वजन आधी दाखवते. तिने दोन जुन्या विद्यार्थ्यांचे नंबर दिले, मी फोन केले, दोघंही भरभरून बोलले आणि दोघंही गणितात एकेकदा नापास झालेले. माझं ठरलं. अडचण एकच, प्रवेशाची शेवटची तारीख चार दिवसांवर आणि ओरिजिनल कागद टायवाल्याकडे.

प्रकाश म्हणाला, "डुप्लिकेट काढू, बोर्डात अर्ज करू." त्याला महिना लागला असता, म्हणजे वर्ष गेलं. सासूबाई सुपारी कातरत होत्या. म्हणाल्या, "तुझा कागुद हाय तर डुपलिकेट कशाला? आमी असतो त बसलो असतो त्याच्या दारात. उठलोच नसतो."

मी तसंच केलं. आमच्याकडे एखादा ड्रायव्हर भांडणात गाडी काट्यावरच बंद करून बसतो. मग कोणी पुढे जाऊ शकत नाही, आणि बाजाराला त्याचं ऐकावंच लागतं. मी सुट्टी टाकली, डबा घेतला आणि सकाळी दहाला त्यांच्या सोफ्यावर मधोमध जाऊन बसले. तोंडातून एक वाईट शब्द काढला नाही. चौकशीला कोणी आलं की मी सरकून जागा द्यायची आणि प्रेमाने सांगायची, "बसा हो, मीपण चौकशीलाच आलेय. यांना विचारा परीक्षा कुठे असते. लॅब बघून घ्या, फार नवीकोरी आहे." एक पोलिसातली मुलगी आली होती, एक रिक्षावाले काका, एक आईबाप मुलाला घेऊन. सगळ्यांनी विचारलं. एकही फॉर्म भरला गेला नाही. साडेबाराला मी डबा उघडला. सुक्या बोंबलाची चटणी होती, एसीत तिचा वास जो पसरला म्हणता!

पावणेएकला माझे कागद हेड ऑफिसहून परत आले. कुठून, तर त्याच्याच टेबलाच्या दुसऱ्या खणातून. मी उभी राहून एकेक कागद उजेडात धरून तपासला, आणि शिका हो काहीतरी, असं त्याला म्हणून खाली उतरले. जिन्यातच रडून घेतलं. आता दाखवायला कोणी नव्हतं.

ॲडमिशन झालं. पावती घेऊन मी शेठकडे गेले. त्यांनी ती वाचली आणि चष्मा काढला.

"ताई, तीन वर्षं? मी वर्ष म्हटलं होतं. त्या दुसऱ्या ठिकाणी एका वर्षात देत होते ना, प्रकाशभाऊ म्हणाले."

"ते कागद देत होते, शेठ."

"अहो, पार्टीला कागदच हवाय! तुम्हाला काम येतंच की."

"येतं. पण सलीमच्या वेळी बोलता आलं नाही."

त्यांनी पावती परत माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, खुर्ची तीन वर्षं रिकामी ठेवता येणार नाही. मी म्हटलं, ठेवू नका. हे म्हणतानाही खुर्ची मला हवीच होती, खोटं कशाला बोलू? पण खरी गाठ पुढेच होती. मी म्हटलं, रविवारी मला सुट्टी लागेल. वीस वर्षं रविवारची ड्युटी माझीच, कारण बाकीच्यांची लेकरं लहान, कोणाचं काय, कोणाचं काय. शेठ म्हणाले, "ते नाही जमणार. रविवारी काट्यावर कोण? कॉलेज करायचं तर करा, पण मग नोकरीचं तुमचं तुम्ही बघा."

म्हणजे वीस वर्षांची नोकरी की पाच तासांचा रविवार. प्रकाशने रात्रभर कूस बदलली. सकाळी म्हणाला, "तू जा. मी बघतो कसं जमवायचं ते." त्याने एवढं म्हणणं माझ्यासाठी खूप होतं. सासूबाई म्हणाल्या, "म्हावरा मी आनीन, मी करीन. तू कालेजात जा." त्यांचा 'कालेज' शब्द मला फार आवडतो.

पहिल्या रविवारी मी कॉलेजात होते. सव्वानऊपासून शेठचा फोन. अकरा वेळा वाजला. शिकवणारा मुलगा माझ्या लेकीच्या वयाचा, म्हणाला, "मॅडम, घ्यायचा असेल तर बाहेर जाऊन घ्या." मी म्हटलं, "नको, सर, तुम्ही चालू ठेवा." फोन बंद करून पिशवीच्या तळाशी ठेवला. मग माउस हातात घेतला.

सोमवारी केबिनमध्ये पोचले तर टेबलावर पाकीट. विनापरवानगी गैरहजर राहिल्याबद्दल लेखी खुलासा द्यावा, नाहीतर कारवाई. आदल्या दिवशी गाड्यांची रांग पार हायवेपर्यंत गेली होती म्हणे, आणि शेठ स्वतः खिडकीत बसले होते. मी गाड्या थांबवल्या नाहीत. दोन वजनांच्या मधे, एका हाताने पावत्या फाडत, खुलासा लिहिला: 'मी रविवारी कॉलेजला होते. येत्या रविवारीही असेन. त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी असेन. कारवाई करायची असल्यास सोमवार ते शनिवार मी इथे आहे.' खाली सही केली आणि स्वतः जाऊन शेठच्या हातात दिला.

त्यांनी तो वाचला. परत वाचला. "बघतो," म्हणाले आणि खणात टाकला.

इन्चार्जची खुर्ची पुण्याच्या एका मुलाला मिळाली. मला वाईट वाटलं, अजून वाटतं, कारण ती माझी होती. गणितात मी एकदा नापास झाले, मग पास झाले. माझ्या खुलाशावर शेठनी अजून ना मंजूर लिहिलंय, ना नामंजूर. मी विचारायला गेले नाही, सोमवार ते शनिवार काट्यावर बसते आणि रविवारी कॉलेजात. माझं चौथं सेमिस्टर चालू आहे.